नवे-जुने

मार्च महिना संपत आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बँकांच्या शाखांत एक शब्द सारखा कानावर पडतो. नवे-जुने. शेतीशी ज्यांचा संबंध आला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. पीककर्जाची मुदत संपत आलेली असते आणि कापूस विकून आलेला पैसा लग्नात, दवाखान्यात, दुकानदाराच्या उधारीत कधीच वाटला गेलेला असतो. मग शेतकरी कुठून तरी चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो आणि बँकेत भरतो. जुने खाते बंद होते, नवे कर्ज मंजूर होते आणि त्यातूनच ती उचललेली रक्कम व्याजासकट परत जाते. कागदावर सगळे कोरे करकरीत होते. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार मात्र कणभरही हललेला नसतो, झाला तर थोडा वाढलेलाच असतो.

अशा कागदांवर मी नोकरीच्या काळात किती सह्या केल्या याचा हिशेब नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नवे पासबुक हातात घेऊन मला एकदा विचारले होते की यातले नवे कोणते आणि जुने कोणते, तेवढे फक्त समजावून सांगा. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. त्यांना खरोखरच कुतूहल होते. मी वर्षअखेरीच्या गडबडीत होतो. काहीतरी बोलून मी त्यांना वाटेला लावले. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

याच दिवसांत ईस्टर येतो. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्या पाठचा रविवार, असे त्याचे गणित आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही पडतो. आपल्या सणांसारखाच चंद्राच्या चालीने सरकणारा हा सण. यवतमाळकरांना तो अगदीच अनोळखी नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे काम या जिल्ह्यात फार जुने आहे. उमरीचे मिशनचे रुग्णालय अनेक घरांतल्या आठवणींत आहे. १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय १९८३ मध्ये पुण्याला गेले. तोवर दूरदूरच्या प्रांतांतले विद्यार्थी आपल्या गावच्या रस्त्यांवरून सायकलवर हिंडताना दिसत.

बँकेतला माझा एक सहकारी ख्रिस्ती होता. एका वर्षी तो मला ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेला घेऊन गेला. उजाडायचे होते. पहाटेचा गारवा अजून शिल्लक होता, आणि दोन तासांनी ऊन अंगाला चटके देणार हे सगळ्यांना ठाऊक होते. तिथे मी ती कथा नीट ऐकली. शुक्रवारी येशूला क्रुसावर दिले. रविवारी पहाटे काही बायका सुगंधी द्रव्ये घेऊन थडग्याकडे निघाल्या. मला नवल वाटले ते एका गोष्टीचे. या बायका काही नवे शोधायला निघालेल्या नव्हत्या. गेलेल्या माणसाचे राहिलेले करायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. वाटेत त्यांना काळजी होती ती थडग्याच्या तोंडावरचा धोंडा कोण सरकवणार याची. म्हणजे जुने कर्तव्य पार पाडायला निघालेल्या बायकांना पहिल्यांदा नव्याचे दर्शन झाले, तेही हातातले काम न टाकता.

परत येताना मला सारखी एक मराठी बाई आठवत होती. लक्ष्मीबाई टिळक. कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी आणि ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका. नव्याने जगायला लागणे म्हणजे काय, याचे उत्तर त्यांच्या आयुष्याइतके सरळ मला दुसरीकडे कुठे मिळालेले नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, अगदी मीठसुद्धा. ते धुताना किती विरघळून गेले याची मोजदाद कोणी करायची नाही! अशा घरात मुलीचे बालपण गेले. शिवाशिव, विटाळ, ओलेते, पुन्हा आंघोळ. हे सगळे त्या मुलीच्या हाडीमांसी भिनले होते. तेच तिला जग वाटत होते.

अकरा-बारा वर्षांच्या वयात लग्न झाले. नवरा वयाने सहा-सात वर्षांनी मोठा, बुद्धीने तल्लख, संस्कृतात तरबेज, वक्तृत्वात नामांकित आणि संसारात मात्र एकदम कच्चा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. कोणी मागितले की दिले. एका गावी राहवत नसे, एका नोकरीत करमत नसे. आज इथे तर उद्या तिथे. कधी न सांगता निघून जात. राग आला तर आकाशपाताळ एक करीत, आणि तो ओसरला की लहान मुलासारखे होत. घर चालवायचे काम बायकोचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. नवऱ्याने हौसेने शिकवायला घेतले, तेही त्याच्या लहरीप्रमाणे. अक्षरे जुळू लागली, पण जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचे फारसे सूत कधी जमले नाही.

या भटकंतीत टिळकांचे पाय आपल्या विदर्भाला लागले. नागपूरचे श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते काही काळ राहिले. ‘ऋषी’ नावाचे मासिक त्यांनी चालवले. मग १८९३ मध्ये, आज छत्तीसगडात असलेल्या राजनांदगावला नोकरीसाठी ते आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे सुरू झाले, कवितेवर, धर्मावर रंगले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. आपल्या जिल्ह्यात ज्या मिशनचे काम रुजले, तेच हे मिशन.

टिळकांनी पुस्तक उघडले ते पुराणग्रंथ चाळावा तसे, परीक्षकाच्या नजरेने. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना पुस्तक खाली ठेववेना. मनात वादळ सुरू झाले. घरी त्याची कुणकुण लागलीच. आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी, रविवारी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्डसाहेबांचे भाकीत मुदतीत खरे ठरले.

इथे आपण जरा थांबले पाहिजे. टिळकांच्या दृष्टीने हा पुनर्जन्म होता. अनेक वर्षांची तगमग शांत झाली होती, वाट सापडली होती. पण त्याच दिवशी सव्वीस वर्षांच्या एका बाईचे घर उभे कोसळले. नवरा जिवंत आहे आणि नाहीही. कपाळावर कुंकू आहे, पण ते मिरवायची सोय नाही. लोक सांत्वनाला येतात ते मयताला आल्यासारखे. पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाई सैरभैर झाल्या. त्या जिवाचे काही बरेवाईट करून घेतील या भीतीने घरची माणसे त्यांच्यावर नजर ठेवून असत. नव्या सुरुवातीचे गोडवे गाताना आपण ही बाजू नेहमी विसरतो. एका माणसाचे नवे पान उलटते तेव्हा दुसरे कोणीतरी जुन्या पानावर एकटे राहून जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर देणे संपत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या नावावर चढते.

पुढची चार-पाच वर्षे ताटातुटीची गेली. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपूरला राहिल्या. विठोबाच्या गावात देवदर्शन, सोवळे-ओवळे, उपासतापास चालू होते. याच दुःखात त्यांनी पहिल्यांदा ओळीला ओळ जुळवली. नवऱ्याची कविता त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली होती, आता स्वतःच्या आतून काही उमटू लागले. आपण पाहतो ते असे की या काळात लक्ष्मीबाईंच्या बाहेरच्या आयुष्यात काहीच नवे घडले नाही. मातीत पडलेल्या बीसारखे ते दिवस होते. वरून पाहणाऱ्याला रान पडीक वाटावे असे.

टिळकांनी पत्नीचा नाद सोडला नव्हता. पत्रे येत, भेटीचे प्रयत्न होत. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला त्यांच्याकडे गेल्या. पण कशा? स्वतःचे सोवळे बरोबर घेऊन! नवऱ्याच्या घरात त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. त्या ख्रिस्ती वस्तीत ही बाई आपले पाणी आपण भरून आणी, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरून चाले. आणि टिळकांनी, त्या तापट टिळकांनी, या बाबतीत तिच्यावर सक्ती केली नाही. स्वतःला आलेला अनुभव दुसऱ्याला उसना देता येत नाही, हे त्यांना कळले होते. माझ्या मते टिळकांच्या धर्मांतराची खरी कसोटी त्यांच्या व्याख्यानांत लागली नसेल, ती घरातल्या या दोन चुलींपाशी लागली असेल.

मग एक रात्र आली. या रात्रीबद्दल लक्ष्मीबाईंनी फार साधेपणाने लिहिले आहे. ना दृष्टान्त, ना आकाशवाणी. झोप येत नव्हती आणि ही बाई अंथरुणावर पडून विचार करीत होती. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केलेल्या जाती डोळ्यांना दिसतात. गाय वेगळी दिसते, घोडा वेगळा दिसतो. मग माणसामाणसांत तसे काय वेगळे दिसते? स्त्री आणि पुरुष, एवढेच. बाकीचे सगळे माणसाने रचलेले. आणि माणसाने रचलेले असेल तर ते माणसाने मोडायलाही हरकत नाही. एवढा हिशेब जमला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली.

मीठ धुऊन घेणाऱ्या बापाची ही लेक. शाळेचे तोंड न पाहिलेली. एका रात्रीत तिने स्वतःच्या बुद्धीने वळण घेतले असे वाटते, पण त्या रात्रीमागे ताटातुटीची ती वर्षे होती, वेगळ्या चुलीचे दिवस होते. लक्षात घ्या, अजून त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी माणूस माणसाला शिवला, श्रद्धेचा प्रश्न नंतर आला. १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला, तोही त्यांच्या मनाला पटल्यावर, त्यांच्या सवडीने. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

यानंतर सगळे गोड झाले असे मात्र नाही. टिळक होते तसेच राहिले. पैसा टिकत नव्हता आणि पाहुणे हटत नव्हते. दुष्काळ आणि प्लेग यांचे ते दिवस. परक्यांची लेकरे घरात येत, वाढत, मोठी होत. बालकवी ठोंबरे लहान वयात या घरी येऊन राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढले. ज्या हातांनी एकेकाळी कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून पदर सावरला, त्याच हातांनी जात न विचारता किती जणांना जेवू घातले. पण ते हात तेच होते. स्वयंपाकाची चव तीच, टापटीप तीच, जिभेची धार तीच. नवऱ्याला चार शब्द सुनावण्याची हिंमतही तीच. लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, पण नाशिककडच्या ब्राह्मणाच्या घरचे त्यांचे मराठी, त्यांच्या म्हणी, त्यांचा मिस्किलपणा यातले काही टाकून दिले नाही. टिळकांनीही कवितेत हेच केले. परदेशी चालीची गाणी म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाला त्यांनी अभंग आणि भजने दिली, ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येते हे दाखवले.

१९१७ मध्ये टिळकांनी आणखी एक नवी सुरुवात केली. मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. संसाराची घडी पुन्हा विस्कटली. फरक एवढाच की या वेळी लक्ष्मीबाई मोडून पडल्या नाहीत. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नव्या वाटेने ज्या बाईचा जीव जायची पाळी आली होती, तीच बाई आता त्याच्या बरोबरीने उभी होती.

१९१९ चा ईस्टर २० एप्रिलला होता. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ९ मे रोजी, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्या काळी या वयाची विधवा म्हणजे कोपऱ्यात बसून माळ ओढणारी बाई. यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पत्करले. पुढे काही काळ कराचीलाही राहिल्या. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’ नावाने. सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या त्यांच्या बायकोने तो ग्रंथ हाती घेतला आणि त्याचा फार मोठा भाग लिहून काढला. त्या पहाटेच्या बायका मला इथे पुन्हा आठवतात. गेलेल्या माणसाचे राहिलेले करायला निघायचे आणि ते करता करता स्वतःलाच काही गवसायचे.

‘स्मृतिचित्रे’ही अशीच झाली. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहू लागली ती नवऱ्याविषयी. लिहिता लिहिता पानांवर ती स्वतःच येऊन बसली. १९३४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र कोणते, असा प्रश्न निघाला की आजही पहिल्या दोन-चार नावांत हे नाव घ्यावे लागते.

या पुस्तकात मला सगळ्यात मोलाचे वाटते ते असे. लक्ष्मीबाई आपल्या जुन्या आयुष्याला नावे ठेवत नाहीत. वडिलांचे सोवळे, स्वतःचा अडाणीपणा, वेगळी चूल, नवऱ्याचे विक्षिप्त वागणे, हे सगळे त्या हसत हसत सांगतात. त्यात कडवटपणा नाही आणि झाकपाकही नाही. जी मुलगी त्या मागे सोडून आल्या तिला त्यांनी नाकारले नाही, मांडीवर घेतले. खतावणीचे पान भरले की आम्ही नव्या पानावर पहिली ओळ लिहायचो ती मागील बाकीची. ती ओळ न लिहिता नवे पान सुरू करणारा कारकून एक तर नवखा असे, नाही तर लबाड.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी तेव्हा जे सांगू शकलो नाही, ते आज सांगू शकेन असे वाटते. आम्ही दोघांनी मिळून त्या दिवशी जे केले त्यात नवे काहीच नव्हते. कागद नवा होता, पासबुक नवे होते, देणे जुने होते आणि आपण ते झाकले होते. लक्ष्मीबाईंचे नेमके उलटे. वरून पाहिले तर सगळे जुनेच, तीच बाई, तीच चूल, तोच नवरा. आतला हिशेब मात्र एका रात्री त्यांनी स्वतः तपासला, चूक सापडली ती मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायल्या.

निवृत्तीनंतर मीही नव्या आयुष्याच्या बऱ्याच कल्पना रचल्या होत्या. पहाटे उठणे, फिरणे, वाचन, मौन. त्यातले निम्मे आठवड्यातच बारगळले. राहिले एक. पाच-सहा वर्षे एका जवळच्या नातलगाशी माझे बोलणे बंद होते. कारण क्षुल्लक आणि चूक बरीचशी माझी. त्या ईस्टरच्या पहाटेनंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण दार उघडल्यावर काहीच आठवले नाही. त्यांनी आत बोलावले आणि माझ्यापुढे माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवला. बाहेर यवतमाळचे एप्रिलचे ऊन होते. मी ते पाणी प्यायलो आणि बराच वेळ तिथे बसलो.